दमयंतीबाईंचा अंगठा आणि ऐकू न येणारा आवाज

यंत्र निर्दोष आहे असे मी लेखी दिले होते, आणि तरीही दमयंतीबाईंचा अंगठा दुखतच होता. या दोन विधानांपैकी एक चुकीचे असले पाहिजे, असे मला प्रथम वाटले. पुढे कळले की दोन्ही बरोबर होती.

मी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आणि रसायनीच्या एका कारखान्यात मापनयंत्रांच्या विभागात एकतीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर पनवेलच्या आमच्या इमारतीत, घराच्या बंदिस्त गॅलरीत, मी एक टेबल मांडले आहे. आसपासच्या फिजिओथेरपी दवाखान्यांतील यंत्रे तपासून देणे हा माझा आताचा उद्योग. तळमजल्यावर रेवाचा दवाखाना आहे. ती आमच्या शेजाऱ्यांची मुलगी. मला चारुदत्तकाका म्हणते आणि माझ्या वह्यांची चेष्टा करते.

तिच्याकडे एक अल्ट्रासाउंड यंत्र आहे. पोटातील बाळ दाखवणारे ते नव्हे. हे चित्र दाखवत नाही, फक्त आवाज सोडते, आणि तोही इतका उंच की माणसाला ऐकू येत नाही. दुखऱ्या जागेवर औषध लावायचे, त्यावरून यंत्राचे गोल धातूचे हेड हळूहळू फिरवायचे, आणि आवाजाच्या साहाय्याने ते औषध कातडीतून आत जाते अशी त्यामागची कल्पना. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. विटांच्या भिंतीत सिमेंट भरावे तशी त्या पेशींमध्ये चरबी भरलेली असते, आणि ही भिंत बहुतेक औषधांना बाहेरच थोपवते. आवाजाच्या कंपनांनी ते सिमेंट थोडा वेळ सैल होते, असे म्हणतात. “असे म्हणतात” हे शब्द मी मुद्दाम लिहीत आहे.

एका मंगळवारी दुपारी रेवा वर आली.

“काका, मशीन पुन्हा बघता का? दमयंतीमावशींच्या पाच सिटिंग झाल्या. काडीचा फरक नाही.”

“मागच्या महिन्यात तर मी प्रमाणपत्र दिले आहे.”

“ते मी त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, कागद अंगठ्यावर बांधू का?”

दमयंतीबाई पनवेलच्या कोळीवाड्यातल्या. उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात गेली सव्वीस वर्षे बसतात. उजव्या हातात कोयता धरून दिवसभर मासे कापायचे. त्या पकडीमुळे अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, स्नायूंच्या दोऱ्या सुजल्या होत्या. वेदनाशामक गोळ्या त्यांना वर्ज्य होत्या, कारण गोळ्यांनी एकदा पोटात रक्तस्राव झाला होता. सूज उतरवण्याच्या इंजेक्शनने त्यांची रक्तातली साखर चारशेच्या वर गेली होती. कामोठ्याच्या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेची तारीख देऊन ठेवली होती. तिच्या चार दिवस आधी, म्हणजे अठ्ठावीस तारखेला, ते एकदा हात पाहणार होते. तोवर हे करून पाहा, कातडीतून दिलेले औषध रक्तात फार थोडे जाते, पोटाला त्रास होणार नाही, असे त्यांनीच सांगितले होते.

शस्त्रक्रिया तशी लहान. पण दमयंतीबाईंच्या थोरल्या बहिणीची तीच शस्त्रक्रिया झाली होती, आणि तेव्हापासून तिच्या अंगठ्याची एक बाजू बधिर होती. बधिर अंगठ्याने ती कोयता धरायला गेली आणि आपले बोट कापले गेले हे तिला रक्त दिसल्यावर कळले. त्यानंतर ती बाजारात बसली नाही. दमयंतीबाईंना याचीच भीती होती. वेदनेची नव्हती.

मी यंत्र वर आणले. पाण्याच्या भांड्यात बसवलेला एक नाजूक तराजू माझ्याकडे आहे. आवाज त्या पाण्यातून तराजूला ढकलतो आणि त्या ढकलण्याचे वजन होते. एका वॉटला सुमारे अडुसष्ट मिलिग्रॅम. यंत्राने जितके दाखवले तितकेच दिले. मी पुन्हा “निर्दोष” असे लिहून, स्वाक्षरी करून, ते खाली पोहोचवले.

योगायोगाने दमयंतीबाई तिथेच होत्या. साठीच्या आत-बाहेर, नऊवारी, डाव्या हाताला हिरव्या बांगड्या आणि उजव्या हाताला रेवाने दिलेला मनगटाचा पट्टा.

“हे तेच का मिस्त्री? कागदवाले?”

“मी मिस्त्री नाही. मी मापनयंत्रांचा—”

“असू द्या. मना येक सांगा. ही पोरगी म्हनते याच्यातून आवाज निघतो. मग ऐकू का नाय येत?”

“माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतच ऐकू येते. हे यंत्र सेकंदाला तीस लाख कंपने करते.”

“मग कुत्र्याला येत आसंल.”

“कुत्र्यालाही नाही.”

“मग कोनाला?”

“कोणालाच नाही.”

“कोनालाच ऐकू येत नाय, तर आवाज हाय कशावरून?”

रेवा हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न रास्त होता. मी हेड उलटे धरले, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि यंत्र सुरू केले. थेंब शहारला, मध्ये टोकासारखा उंचावला आणि त्यातून बारीक तुषार उडाले. दमयंतीबाईंनी चष्मा कपाळावर चढवून खाली वाकून पाहिले.

“हाय,” त्या म्हणाल्या. “आत कायतरी हाय. पन माज्या हातात जातंय का ते दाखवा.”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी यंत्र शुद्ध पाण्यात मोजले होते. रुग्णाच्या हातावर पाणी नसते, औषध असते. आवाज त्या औषधातून पलीकडे जातो की नाही, हे मी कधीच मोजले नव्हते.

त्या संध्याकाळी मी रेवाकडून औषधाची नळी मागून घेतली. हेड चिमट्यात वर तोंड करून बसवले, भोवती चिकटपट्टी गुंडाळून बोटभर उंचीची कड केली आणि त्या वाटीत उकळून गार केलेले पाणी ओतले. यंत्र सुरू करताच पाण्याचा पृष्ठभाग मधोमध फुगून थरथरू लागला. मग पाणी काढून तळाशी औषधाचा थर दिला, त्यावर पुन्हा पाणी ओतले. यंत्र सुरू केले.

पाणी निश्चल राहिले. इतके निश्चल की गॅलरीतली ट्यूबलाइट त्यात सरळ दिसत होती.

मी तीन वेळा करून पाहिले. मग रेवाला वर बोलावून चौथ्यांदा केले.

“पण औषध तेच आहे, काका. प्रमाणही तेच. आधी जेल यायचं, ते संपलं म्हणून मेडिकलवाल्याने क्रीम दिलं. नाव एकच आहे बघा.”

“नाव एकच आहे. पण हे पांढरे आहे, लोण्यासारखे. ते आवाजाला गिळते.”

रेवाच्या खणात जुन्या जेलची एक अर्धी नळी सापडली. काचेसारखे पारदर्शक. त्याचा तितकाच थर दिला तर पाणी जवळजवळ पहिल्यासारखेच थरथरले. रेवा बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिली.

“म्हणजे पाच सिटिंग मी नुसतं हेड फिरवलं?”

“क्रीम चोळलेस, तेवढा उपयोग झाला असेल.”

“तुम्हाला सांत्वन करता येत नाही ना, काका?”

दुसऱ्या दिवशी तिने पारदर्शक जेलच्या नळ्या मागवल्या. पुढच्या दोन सिटिंग त्या जेलने झाल्या. मी आशेने खाली गेलो. दमयंतीबाईंनी अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवले; या व्याधीची ती परीक्षाच आहे. वाकवताक्षणी त्यांनी डोळे मिटून घेतले.

“हाय तसंच हाय,” त्या म्हणाल्या. “मिस्त्री, तुमचा आवाज माज्यावर रुसलाय.”

अठ्ठावीस तारखेला आता अकरा दिवस उरले होते.

दोष शोधण्याची माझी एकच पद्धत आहे, आणि ती नवी नाही. एक ठिकाणी गोष्ट चालते, दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. तर दोन्ही ठिकाणे शेजारी ठेवावीत आणि फरक शोधावा. परंतु चालणारे ठिकाण माझ्याकडे नव्हते. वाटीतले पाणी म्हणजे हात नव्हे. मला एक हात हवा होता, आणि तो माझाच घेणे सोयीचे होते.

सूज कमी झाली की नाही हे माझ्या हातावर कळणार नव्हते, कारण मला सूजच नव्हती. म्हणून रेवाच्या संमतीने मी त्वचा बधिर करणारे जेल वापरले. दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, सारखेच गोल आखले. दोन्हीकडे सारखेच जेल, दोन्हीकडे तीन मिनिटे हेड फिरवले. फक्त उजव्या हाताच्या वेळी यंत्र बंद होते. मग जेल पुसून मी डोळे मिटले आणि रेवाने दात कोरण्याच्या काडीने प्रत्येक गोलात वीस वेळा हलकेच टोचले. उजव्या हाताला चार टोचण्या मला कळल्या नाहीत. डाव्या हाताला अकरा. कोणत्या हाताला आवाज मिळाला हे रेवाला ठाऊक होते, हा प्रयोगातील दोष मी वहीत नोंदवला. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हेही नोंदवले. तरीही डाव्या हाताकडे मी रात्रीच्या जेवणापर्यंत पुन्हा पुन्हा पाहत होतो.

“मग तुमच्या हातात जातं आणि मावशींच्या हातात जात नाही?” रेवाने विचारले. “त्यांची कातडी जाड आहे म्हणून?”

“तळहाताची जाड असेल. मनगटाची नाही. मी उद्या सिटिंगच्या वेळी बसतो.”

“तुम्ही बसलात की त्या बोलत राहतील.”

“बोलू देत. मी हात पाहणार आहे.”

दुसऱ्या दिवशी दमयंतीबाई वेळेवर आल्या. हात टेबलावर ठेवला, स्वच्छ, कोरडा. रेवाने जेल घातले आणि हेड फिरवू लागली. पहिले अर्धे मिनिट जेल पारदर्शक होते. मग कडेने ते धूसर झाले. मिनिट संपता संपता हेडखालचे सगळे जेल पिठाळ पाण्यासारखे दिसू लागले. माझ्या हातावर ते शेवटपर्यंत काचेसारखे राहिले होते. पांढऱ्या क्रीमच्या दिवसांत हा बदल कोणाला दिसणे शक्यच नव्हते.

“थांब,” मी म्हणालो. “दमयंतीबाई, तुम्ही हाताला काय लावून आलात?”

“काय नाय.”

“काहीतरी लावले आहे. जेलचा रंग बदलला.”

“नाय म्हनलं ना! धुऊन आले मी. साबनानं दोनदा धुतला, लिंबू चोळलं.”

“लिंबाने असे होणार नाही. नीट आठवा.”

पडद्यापलीकडे कंबरेच्या दुखण्याचे एक गृहस्थ झोपले होते. त्यांची खाट करकरली. दमयंतीबाईंनी त्या दिशेने पाहिले आणि हात मागे ओढून घेतला. माझी मोजण्याची पद्धत योग्य होती, विचारण्याची जागा चुकली होती, हे मला तेव्हा उमगले.

“काका, जरा बाहेर चहा सांगता?” रेवा म्हणाली.

मी बाहेर गेलो, परंतु दार उघडेच राहिले. लपून ऐकण्याचा हेतू नव्हता, तरी ऐकले हे खरे आहे.

“मावशी, पावडर ना?” रेवाचा आवाज खाली आला होता.

बांगड्या वाजल्या. मग, “रिक्षातून उतरायच्या आधी लावते. थोडी.”

“का पण?”

“का काय? तुजा दवाखाना एसीचा, दारं बंद. सकाळधरनं हलवा कापलाय, बांगडा कापलाय. लिंबानं वास जातो थोडा, पन पुरा जात नाय. मागं येका डॉक्टरनीकडं गेले तर तिनं मास्क घातला नि पंखा वाढवला. बोलली काय नाय. पन मना कळलं ना. मी काय येडी हाय?”

“मला का नाही सांगितलं?”

“तुला काय सांगू? तू हात हातात घेतेस माजा. बाकी कोन घेतो?”

“मावशी, माशाचा वास आला की मला भूक लागते. त्याहून जास्त काही होत नाही.”

“चल, खोटारडी!”

“आईशप्पथ. आणि चूक माझी पण आहे. मी दर वेळी स्पिरिटने पुसायला हवं होतं.”

रेवा इतरांचा हात नेहमी स्पिरिटने पुसते. पहिल्या दिवशी दमयंतीबाईंच्या बोटांवरच्या कोयत्याच्या बारीक चिरांमध्ये ते ओघळले आणि त्या ओरडल्या. तेव्हापासून रेवाने त्यांना ते लावले नव्हते. बाई स्वतःच धुऊन येतात, असे तिने मानले. एकीने दुसरीला त्रास नको म्हणून पावडर लावली आणि दुसरीने पहिलीला त्रास नको म्हणून पुसली नाही. असा दोष माझ्या कारखान्यातील कोणत्याही यंत्रात सापडला नसता.

मी चहा घेऊन आत गेलो आणि आधी क्षमा मागितली.

“राहू द्या,” दमयंतीबाई म्हणाल्या. “पन येवढीशी पावडर काय करतेय? वजन तरी हाय का तिला?”

“पावडरीला नाही. तिच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते. जेलमध्ये ती कालवली की हवेचे असंख्य बारीक फुगे होतात. हा आवाज पाण्यातून जातो, मांसातून जातो; हवा लागली की उलटा फिरतो.”

त्यांनी मनगटावरच्या धूसर जेलकडे पाहिले. मग एकदम म्हणाल्या, “म्हंजे फेस!”

“कसला फेस?”

“आमच्या बोटीवरचा फिश फाइंडर. आमचे बुधाजी, माजे मालक, शिव्या घालत असतात त्याला. खालून आवाज सोडतो तो, मासलीवर आपटून परत येतो, मग पडद्यावर दिसतं. पन बोटीनं झोल घेतला नि खाली फेस गेला का झालं! पडदा कोरा. खाली मासलीचा थवा आसंल, तरी याला काय दिसत नाय. फेस सरंपर्यंत थांबायचं.”

मी वही उघडली. पदविकेच्या तीन वर्षांत आणि नोकरीच्या एकतीस वर्षांत हे इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितले नव्हते. वर जाऊन वाटीतल्या जेलमध्ये चिमूटभर पावडर कालवली. पाणी निश्चल राहिले. परत येऊन तसे सांगितले, तर दमयंतीबाई म्हणाल्या, “ते करून बघायला कशाला पायजे व्हतं?”

त्या दिवशी रेवाने कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने त्यांचे मनगट पुसले आणि पुन्हा जेल लावले. जेल अखेरपर्यंत काचेसारखे राहिले. त्यानंतर आणखी चार सिटिंग झाल्या. दमयंतीबाई आता बाजारातून थेट येत, दारातूनच “भूक लागली का ग?” असे ओरडत. कंबरवाले गृहस्थही एकदा “बांगडा आहे का आज?” असे विचारते झाले. दुसऱ्या सिटिंगनंतर बाईंना पहाटे अंगठा हलका वाटला. तिसरीनंतर पुन्हा ठणका आला, कारण त्यांनी एका दिवसात दोन टोपल्या कापल्या होत्या. रेवा त्यांना फार बोलली. चौथीनंतर काय ते त्यांनी सांगितलेच नाही. “आता डॉक्टरलाच दाखवीन,” एवढेच म्हणाल्या.

अठ्ठावीस तारखेला त्यांनी मलाही कामोठ्याला नेले. “आवाजाचं कोन सांगणार? मना येवढे शब्द येत नाय,” असे कारण दिले. रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. डावा हात उजव्या अंगठ्यावर झाकून बसल्या होत्या.

शल्यचिकित्सकांनी अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मनगट वाकवले. दमयंतीबाईंनी ओठ दाबले, पण डोळे मिटले नाहीत.

“दुखतं?”

“दुखतं. खोटं कशाला बोलू? आधी सोळा आनं व्हतं. आता पाच आनं.”

डॉक्टरांनी पुन्हा वाकवले, मुळाशी दाबले, सूज चाचपली. दुसरा हात घेऊन तुलना केली. मग काही वेळ जुन्या नोंदी वाचल्या. मला ती मिनिटे मोजावीशी वाटली नाहीत.

“तारीख काढून टाकू,” ते म्हणाले. “पट्टा चालू ठेवा, कापायचं निम्म्यावर आणा, सहा आठवड्यांनी दाखवा. असंच उतरत राहिलं तर ऑपरेशन लागणार नाही. वाढलं तर मात्र पुन्हा बोलू.”

दमयंतीबाई खुर्चीत मागे टेकल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. पुष्कळ वेळ पुसत राहिल्या.

मला गप्प बसवेना. “डॉक्टर, हा परिणाम औषधाचा, आवाजाचा, की दोन्हींचा?”

“नुसत्या अल्ट्रासाउंडची ऊबही असू शकते. शिवाय पट्टा होता, औषध होतं. कधीकधी हे आपोआपही उतरतं. तुम्ही सगळं एकदम केलंत. आता मी कोणाचं नाव घेऊ?”

हे मी स्वतःच सांगायला हवे होते. मी मान्य केले.

परतीच्या रिक्षात दमयंतीबाईंचा आवाज परत आला होता. कळंबोलीपर्यंत त्यांनी नवऱ्याला फोनवर सगळे सांगितले, मग बहिणीला सांगितले. बहिणीशी बोलताना मात्र हळू बोलल्या. फोन ठेवून माझ्याकडे वळल्या.

“मग आवाजानं औषध आत गेलं का नाय, ते तुमाला कळलं नायच?”

“नाही.”

“येवढ्या वह्या लिहून?”

“येवढ्या वह्या लिहून.”

“कळायला काय करावं लागंल?”

“तुमच्यासारखे अंगठे असलेल्या निदान चाळीस बायका लागतील. निम्म्यांना यंत्र सुरू ठेवून, निम्म्यांना बंद ठेवून. कोणाला काय मिळाले हे त्यांनाही कळता कामा नये आणि रेवालाही. आणि हे माझ्यासारख्याने एकट्याने करायचे नसते. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने, रीतसर परवानगी काढून करायचे असते.”

“म्हंजे निम्म्या बायकांना फशिवनार.”

“आधी सांगून. ज्यांना चालेल त्यांनाच घ्यायचे.”

त्यांनी बाहेर डोकावून पाहिले. रिक्षा उरण नाक्याजवळ आली होती.

“मना नाय चाललं आसतं,” त्या म्हणाल्या. “माजी तारीख चार दिवसांवर व्हती. पन सगल्यांची काय तारीख नाय. आमच्या वळीतल्याच निम्म्या बायकांचे अंगठे गेलेत. कोन सांगत नाय, पट्टा लावला तर गिऱ्हाईक म्हनतं ही आता नीट कापनार नाय. ओ दादा, हितं थांबवा.”

“तुम्हाला तर घरी जायचे होते.”

“घर कुठं पळतंय? बाजार उठला नसंल अजून. तुमी येताय का? त्या मना खोटं सांगतील. पन मूठ करून मनगट वाकवायला लावलं, तर तोंड खोटं बोलत नाय. तुमी तोंडं बघा नि लिहा.”

माझे घर पुढच्या वळणावर होते. मी वही काखेत धरली आणि त्यांच्यामागे उतरलो.